काळोखातली झाकरी आणि आमचा कॅमेरा



वर्षअखेर जवळ आली की शाळेच्या शिक्षकखोलीत एक प्रश्न हमखास निघतो. बोनस अजून हाती आलेला नसतो, पण त्याचा हिशेब मनात सुरू झालेला असतो. मग कोणीतरी चहाचा कप घेऊन आमच्या शेजारी बसते आणि विचारते, "गुरुजी, यंदा चांगला कॅमेरा घ्यायचा म्हणतो. कोणता घेऊ?"

आम्हाला हा प्रश्न का विचारतात, ते आम्हाला पुरते कळलेले नाही. आम्ही काही या विद्येतले पंडित नाही. गणेशोत्सवात, लग्नकार्यात, शाळेच्या समारंभात गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणारे एक हौशी, एवढीच आमची ओळख. परंतु या हौसेपायी आम्ही पैसे घालवले आहेत, आणि पैशांहून मोलाचे असे काही गमावलेही आहे. ते आज सांगतो. त्यातून कोणाला कॅमेरा घेताना उपयोग झाला तर बरेच.

गोष्ट २०१९ च्या गणपतीची. त्याच्या आदल्या डिसेंबरात आम्ही बोनसमधून एक नवा डिजिटल कॅमेरा घेतला होता. बरोबर दोन लेन्स होत्या. एक १८ ते ५५ मिलिमीटरची, दुसरी ५५ ते २००ची. दुकानदाराने सांगितले, चोवीस मेगापिक्सेल आहेत, लेन्समध्ये हात हलला तरी सावरणारी सोय आहे, आता तुम्हाला आणखी काही लागायचे नाही. आम्ही मान डोलावली. चोवीस हा आकडा मोठा वाटला आणि २०० मिलिमीटरची ती लांब नळी तर फारच रुबाबदार दिसली.

आमचे थोरले काका झाकरीत ढोलकी वाजवीत. कोकणात जिला जाखडी म्हणतात तीच आपली झाकरी. मध्ये गाणारे आणि वाजवणारे बसलेले, भोवती नाचणाऱ्यांचे कडे. काकांचे वय तेव्हा एक्याऐंशी होते. त्या वर्षी त्यांनी गणपतीच्या रात्री सांगितले, "आता पुढल्या साली मी बसेन की नाही, सांगता येत नाही. तुझा तो पोर्त्रे काढायचा डबा आण." आपल्या घरांतली जुनी माणसे क्रिओलच्या सवयीने फोटोला पोर्त्रेच म्हणतात.

आम्ही डबा नेला. हॉलमध्ये दोन ट्यूबलाइट आणि गणपतीच्या मखराचे रंगीत दिवे, एवढाच उजेड. दीड तास आम्ही फोटो काढत होतो. घरी येऊन पाहतो तो एकशे चाळीस फोटोंपैकी एकही धड नाही. काकांचे हात म्हणजे नुसते पांढुरके ढग. कित्येक फोटोंत समोरून गेलेल्या नाचणाऱ्याची पाठ ठळक आणि मागे काका धूसर. फक्त एका फोटोत सगळे स्पष्ट होते, कारण तिथे कॅमेऱ्याने आपण होऊन फ्लॅश उडवला होता. त्यात काकांचा चेहरा पिठासारखा पांढरा आणि डोळे मिटलेले.

मार्च २०२० मध्ये बेट बंद झाले. त्याच हिवाळ्यात काका गेले. दिवसांच्या वेळी भिंतीवर लावायला फोटो हवा होता, तेव्हा चुलतभावाने आमच्याकडेच माणूस पाठवला, कारण कॅमेरावाले आम्ही. आम्ही काय देणार? शेवटी जो फोटो लावला तो आमच्या अकरा वर्षांच्या पुतणीने त्याच रात्री मोबाइल फोनवर काढलेला होता.

असे का झाले, हे आम्हाला नंतर आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकमित्राने फळ्यावर खडूने काढून दाखवले. इतकी वर्षे मुलांना शिकवणारे आम्ही त्या दिवशी पहिल्या बाकावर बसलो होतो.

लेन्सवर एफ हे अक्षर आणि त्यापुढे एक आकडा लिहिलेला असतो. हा आकडा म्हणजे लेन्सच्या आतले छिद्र किती उघडते त्याचे माप. आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. इथेच नवशिक्या फसतो. आमची ती पहिली लेन्स ५५ वर नेली की छिद्र ५.६ च्या पुढे उघडतच नसे. मोबाइल फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा हाच आकडा पुष्कळदा १.८ च्या आसपास असतो. हिशेब वर्गाचा आहे. ५.६ ला १.८ ने भागा आणि आलेल्या संख्येचा वर्ग करा. उत्तर साडेनऊच्या वर येते. म्हणजे १.८ च्या लेन्समधून जवळजवळ दहापट उजेड आत येतो. शिवाय फोन एका क्षणात अनेक फोटो घेऊन त्यांचा मिळून एक करतो. पोरीचा फोटो बरा का आला, ते यावरून ध्यानात यावे.

उजेड कमी म्हणून आमच्या कॅमेऱ्याने काय केले? शटर सेकंदाच्या पंधराव्या भागाइतके उघडे ठेवले. तेवढ्या वेळात ढोलकीवरचा हात कुठून कुठे जातो! दुकानदाराने सांगितलेली ती हात सावरण्याची सोय खोटी नव्हती. पण ती फोटो काढणाराचा हात सावरते, वाजवणाराचा नव्हे. हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. मेगापिक्सेलचेही तसेच. ए-४ आकाराच्या कागदावर उत्तम छपाई करायला नऊ मेगापिक्सेल पुरतात. भिंतीवरचा फोटो त्याहून मोठा क्वचितच असतो.

मित्राने आपली ५० मिलिमीटरची, १.८ छिद्राची लेन्स आम्हाला महिनाभर वापरायला दिली. मुठीत मावेल एवढीशी. तिला झूम नाही. जवळचे हवे तर आपण पुढे जायचे, दूरचे हवे तर मागे सरायचे. पहिल्या दिवशी चिडलो. आठ दिवसांनी परत द्यावीशी वाटेना.

तरी ५० विकत घ्या असे आम्ही कोणाला डोळे मिटून सांगत नाही. कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा जो तुकडा असतो त्याचे आकार निरनिराळे. जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा, त्याला फुल फ्रेम म्हणतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या कॅमेऱ्यात त्याच्या निम्म्याहून लहान, सुमारे २३.५ बाय १५.६चा तुकडा असतो. अशा कॅमेऱ्यावर ५०ची लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५सारखी वागते. आपल्या घरच्या बैठकीच्या खोलीत तिने फोटो काढायचा तर मागे सरता सरता पाठ भिंतीला लागते आणि चौकटीत दोन माणसेच मावतात. म्हणून घरगुती कार्यक्रमांसाठी ३५ मिलिमीटरची, १.८ किंवा २ छिद्राची लेन्स अधिक सोयीची. आम्ही पुढे तीच घेतली, जुनी, एका गृहस्थाकडून.

जुनी लेन्स किंवा जुना कॅमेरा घेण्यात कमीपणा काहीच नाही. आरसा असलेले कॅमेरे मागे पडत चालले. कॅनन आणि निकॉन या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी २०१८ मध्ये आपापल्या आरसा नसलेल्या फुल फ्रेम मालिका काढल्या आणि तेव्हापासून नवे काम बहुतेक तिकडेच चालते. त्यामुळे जुन्या पद्धतीचे चांगले कॅमेरे हौशी मंडळी विकून टाकतात. शिकायला ते उत्तम. मात्र पाहून घ्यावे. लेन्समध्ये मागून टॉर्च मारावा आणि समोरून निरखून बघावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर नमस्कार करून परत फिरावे. कॅमेरा घेताना छिद्र १६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढावा. त्यात काळे ठिपके दिसले तर आतल्या तुकड्यावर धूळ आहे. ती साफ होते, पण किमतीत धरावी.

आणखी एक खाच आहे. निकॉनच्या डी-३००० आणि डी-५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांत लेन्स फिरवणारी मोटर नसते. त्यांना मोटर असलेलीच लेन्स लागते. आमच्या एका भाच्याने स्वस्त मिळाली म्हणून जुन्या धाटणीची ५०ची लेन्स घेतली. ती बसली ठीक, पण प्रत्येक वेळी हाताने फिरवून स्पष्ट करावी लागते. बहिणीच्या लग्नात तो घामाघूम झाला. कॅननवाल्यांना हा त्रास नाही. त्यांच्या जुन्या ईएफ लेन्स नव्या आरएफ कॅमेऱ्यांवर जोडकडे लावून नीट चालतात.

कॅनन, निकॉन, सोनी, फुजी यांतला श्रेष्ठ कोण, यावर आमच्या मंडळींत जे वाद होतात ते ऐकून निवडणुकीची आठवण येते. आमचे मत विचाराल तर घरात, शेजारात ज्या कंपनीच्या लेन्स आहेत तीच घ्यावी, म्हणजे उसनवारी चालते.

आता त्या काळोखातल्या हॉलकडे पुन्हा येऊ. ३५ची लेन्स, छिद्र २.२, आय.एस.ओ. १६०० आणि शटर सेकंदाचा शंभरावा भाग, हे आमचे झाकरीचे माप ठरले आहे. हॉल फार काळोखा असेल तर आय.एस.ओ. ३२०० किंवा ६४०० करावा. फोटोत थोडी वाळू पसरल्यासारखी दिसेल, दिसू द्यावी. वाळूतला चेहरा ओळखू येतो, हललेला येत नाही. शंभरावा भागच का, यालाही कारण आहे. आपल्या बेटावर विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास फेऱ्यांचा, म्हणून ट्यूबलाइट आणि कित्येक एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवले की प्रत्येक फोटोत उजेड सारखा येतो. त्याहून जलद केले तर एक फोटो उजळ आणि दुसरा पिवळसर काळा, अशी गंमत होते. ज्या देशांत प्रवाह साठ फेऱ्यांचा आहे तिथल्या पुस्तकांतले आकडे इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

नेम धरण्याचे काम कॅमेऱ्यावर सोडू नये. तो सगळ्यात जवळचे धरतो, आणि झाकरीत सगळ्यात जवळची असते नाचणाऱ्याची पाठ. चौकटीतला एकच बिंदू निवडून तो वादकाच्या डोळ्यावर ठेवावा. नव्या कॅमेऱ्यांत डोळा ओळखण्याची सोय असते, ती असेल तर सोन्याहून पिवळे. आणि फ्लॅश बंद. गाणाऱ्याच्या तोंडावर वीज पाडणे हा असभ्यपणाच आहे.

विसर्जनाची कथा अगदी उलटी. तिथे उजेड मागाल त्याहून जास्त. पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आँ-फ्लाकला किंवा तामारँला, दुपारनंतर सूर्य समुद्राच्या बाजूला असतो. वाळूवर उभे राहून पाण्याकडे फोटो काढला तर मूर्ती आणि माणसे काळ्या सावल्यांसारखी येतात. एखादा फोटो तसा सुंदर दिसतो, सगळेच तसे आले तर घरची माणसे विचारतात, यात आम्ही कुठे? उपाय दोन. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरावे आणि किनाऱ्याकडे तोंड करून काढावे, म्हणजे ऊन चेहऱ्यांवर पडते. किंवा कॅमेऱ्यावर अधिक-उणे असे जे बटण असते ते अधिक एकवर न्यावे. पांढरी वाळू आणि चमकते पाणी पाहून कॅमेऱ्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो सगळेच काळवंडून टाकतो. आपल्या सावळ्या चेहऱ्यांचे त्यात हाल होतात. पूर्व किनाऱ्यावर, बेल मारला वगैरे, दुपारनंतर ऊन पाठीमागून येते, तिथे ही अडचण नाही.

पाण्यात शिरणाऱ्याने कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातून काढू नये आणि लेन्स तिथे बदलू नये. खारा वारा आत गेला की गेलाच. घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ कापडाने बाहेरून पुसून घ्यावे. काचेला मात्र आधी फुगा दाबून हवा मारावी, मगच कापड लावावे. रुमालाने तशीच पुसली तर मिठाचे आणि वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. थंड केलेल्या मोटारीतून एकदम किनाऱ्यावर उतरल्यास लेन्सवर वाफ धरते. त्यासाठी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवावा आणि दहा-पंधरा मिनिटांनी पिशवीतूनच बाहेरच्या हवेत येऊ द्यावा.

पण वाचकहो, आपल्या बेटावर लेन्सचा खरा वैरी समुद्र नव्हे. बुरशी. आम्ही वाक्वाचे रहिवासी. वाक्वा, क्यूरपीप, फ्लोरेआल या भागात राहणाऱ्यांना काय सांगावे? कपाटातल्या चपलांवर, पुस्तकांच्या पाठींवर, कोटाच्या कॉलरवर जे उगवते तेच लेन्सच्या आत उगवते. आमची ती रुबाबदार २००ची लेन्स आम्ही काका गेल्यावर रागाने कपाटात टाकली, तीही छान चामड्याच्या पिशवीत. दोन पावसाळे गेले. काढून पाहिली तर आतल्या काचेवर पांढऱ्या धाग्यांचे नक्षीकाम. चामडे स्वतःच ओल धरून ठेवते आणि बुरशीला खाऊही घालते, हे तेव्हा ठाऊक नव्हते. साफ करून आणली, पण बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला होता. आता उन्हाच्या दिशेने फोटो काढला की सगळे दुधात बुडवल्यासारखे दिसते.

यावर महागडे विजेचे कपाट मिळते. ज्यांना परवडते त्यांनी घ्यावे. आम्ही स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा वापरतो. त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा ओलावा मोजणारा काटा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहावा. साठच्या वर जाऊन तिथेच बसला तर पुड्या ओल्या झाल्या. रंग बदलणारे जेल घ्यावे, म्हणजे डोळ्यांनी कळते. ते ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवले की पुन्हा कामाला येते, मात्र कापडी किंवा कागदी पुडीतून काढून, थाळीत पसरून. काही लोक डब्यात तांदूळ घालतात. तांदूळ फारशी ओल घेत नाहीत, उलट त्यांची भुकटी कॅमेऱ्यात शिरते. ते भातासाठीच ठेवावेत. आणि सर्वांत स्वस्त औषध म्हणजे वापर. दर आठवड्याला कॅमेरा बाहेर काढावा, उजेडात न्यावा, चार फोटो काढावेत.

ब्लॅक रिव्हर गॉर्जेसमध्ये जाऊन केस्ट्रेल आणि गुलाबी कबूतर टिपणारे मित्र म्हणतील, लांब लेन्सची तुम्ही निंदा केलीत. निंदा नाही. पक्ष्यांना ३०० किंवा ४०० मिलिमीटर लागतेच, आणि १९७४ मध्ये रानात जेमतेम चार उरलेला केस्ट्रेल आज कॅमेऱ्यात येतो ही मोठीच गोष्ट. पण घरात आजी असताना पहिली लेन्स पक्ष्याची घेऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

एका कामासाठी मात्र साधा कॅमेराही पुरतो आणि ते काम घाईचे आहे. आपल्या घरोघरी जुने फोटो आहेत, आणि तीच बुरशी त्यांनाही खाते आहे. त्यांच्या नकला काढून ठेवा. फोटो चौकटीतून सुटत असेल तर काढावा. काचेला चिकटला असेल तर मुळीच ओढू नये, तसाच काढावा. परदेशी पुस्तकांत लिहिलेले असते की उत्तरेच्या खिडकीचा उजेड घ्या, कारण तिकडे सूर्य दक्षिणेला. आपल्याकडे नोव्हेंबर ते जानेवारी सोडले तर सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून आपण दक्षिणेची खिडकी धरावी. कॅमेरा तिपाईवर, फोटोशी अगदी समांतर, आय.एस.ओ. १००, छिद्र ८, आणि बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी शटर उघडेल अशी सोय. मागच्या बाजूला काही लिहिलेले असेल तर तिचाही फोटो घ्यावा. फाइल एकाच ठिकाणी ठेवू नये. एक संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे.

हे काम करताना आमच्या हाती आमच्या एका पूर्वजाचे चित्र आले, मूळ नव्हे, नकलेची नक्कल. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरांना स्वतःचा फोटो लावलेले तिकीट जवळ बाळगावे लागे. आपल्यापैकी पुष्कळांच्या पणजोबा-खापरपणजोबांचा आयुष्यातला एकमेव फोटो तोच. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये स्थलांतरितांची जी दप्तरे आहेत त्यांत असे चेहरे आहेत. सरळ समोर बघणारे, न हसणारे. तो फोटो त्यांनी हौसेने काढून घेतलेला नव्हता.

गेल्या गणपतीत काकांच्या जागी त्यांचा नातू ढोलकीवर बसला. आम्ही ३५ची लेन्स लावून समोर बसलो. फोटो उत्तम आले. बोटांवरची अंगठीसुद्धा मोजून घ्यावी इतके स्पष्ट. एक मोठा करून काकींना नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला, नातवाचे कौतुक केले, मग विचारले, "अरे, ते तुझे वाया गेलेले फोटो आहेत का अजून? ह्यांचे?"

आम्ही दाखवले. त्यातला एक त्यांनी निवडला. चेहरा बऱ्यापैकी स्थिर, खाली ढोलकी, आणि हातांच्या जागी दोन पांढुरके ढग.

"हा मोठा करून आण," काकी म्हणाल्या. "पोराच्या फोटोत हात थांबलेत. ह्यांचे वाजतायत."

तो आता त्यांच्या देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर आहे.